खाली वाकून पाहायचं कुणी?

नवी गाडी घ्यायला गेलं की शोरूममधल्या शेवटच्या टेबलावर एक यादी पुढे येते. मॅट, सीट कव्हर, मडफ्लॅप आणि त्यात कुठेतरी मध्येच ‘अंडरबॉडी अँटीरस्ट कोटिंग’. रक्कम काही हजारांची असते, गाडीच्या किमतीपुढे किरकोळ वाटते. सेल्समन म्हणतो, ‘सर, समुद्राजवळ राहता ना? मग करूनच घ्या.’ आपण मान डोलावतो. नारळ फुटतो, पेढे वाटले जातात आणि गंजाचा विषय कायमचा मिटला असं समजून आपण गाडी बाहेर काढतो. त्यानंतर पंधरा वर्षं त्या गाडीखाली एकदाही कुणी वाकून पाहिलं नाही, तरी या देशातला एकही कायदा मोडत नाही.

माझं भांडण या शेवटच्या गोष्टीशी आहे. गंजापासूनचं संरक्षण ही आपण एकदाच विकत घ्यायची वस्तू करून टाकली आहे. खरं तर त्यातलं मोठं काम गाडी कारखान्यातून निघायच्या आधीच उरकलेलं असतं. नंतर उरतं ते पाहण्याचं काम: दर वर्षी, गाडी वर उचलून, उजेड मारून, हाताने चाचपून. हे काम आपण स्वतः करत नाही, गॅरेजकडून मागत नाही आणि सरकारलाही त्याची आठवण होत नाही. काळा थर मारून मिळतो, त्याची पावती मिळते. पाहण्याची पावती कुठेच मिळत नाही, म्हणून त्याचा धंदाही होत नाही.

लोखंड, हवा आणि पाणी एकत्र आले की गंज चढतो, एवढं शाळेत शिकवतात. पुढचं कोकणात शिकायला मिळतं. पत्र्यावर ओलाव्याचा पातळ थर बसला की त्या एकाच पत्र्यावर शेकडो बारक्या बॅटऱ्या सुरू होतात. एका ठिकाणी लोखंड विरघळतं, त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन शेजारच्या ठिकाणी ऑक्सिजन घेतो आणि मधला ओलावा विजेची ये-जा सांभाळतो. साधं पाणी हे काम रडतखडत करतं, खारं पाणी झपाट्याने करतं. मिठाची आणखी एक खोड आहे. हवेतली आर्द्रता पाऊणशे टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतूनच पाणी ओढून घेतं आणि स्वतः विरघळू लागतं. जून ते सप्टेंबर कोकणातली आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. त्यामुळे चार दिवस पाऊस उघडला, वरची गाडी कोरडी ठणठणीत झाली, तरी खालचा मीठ बसलेला पत्रा ओलाच राहतो. मग ऑक्टोबर येतो. दिवसा ऊन, पहाटे दव. सारखं भिजणं आणि वाळणं हे पत्र्याला नुसतं पाण्यात बुडून राहण्यापेक्षा वाईट, कारण ओलाव्याचा थर जितका पातळ तितका ऑक्सिजन त्यातून पत्र्यापर्यंत लवकर पोचतो. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. तो रंगाला खालून उचलतो, फुगा आणतो, फुगा फुटतो आणि पुढच्या पाण्याला वाट मोकळी होते.

बर्फाच्या मुलखात हे मीठ माणसंच रस्त्यावर टाकतात, बर्फ वितळावा म्हणून. टोरंटो किंवा डेट्रॉइटकडे राहणाऱ्या मराठी घरांत हिवाळ्याआधी गाडीला खालून तेल मारून घेणं हे कपाटातून स्वेटर काढण्याइतकं नेहमीचं काम आहे. आपल्याकडे मीठ समुद्र देतो, तेही फुकट आणि न सांगता. पावसाळ्यातल्या मोठ्या भरतीला मरीन ड्राइव्हवर लाटा कठड्यावरून उसळतात, तेव्हा कडेला उभ्या असलेल्या गाड्यांना खाऱ्या पाण्याची आंघोळ होते. दाभोळ-धोपावे किंवा वेश्वी-बागमांडला फेरीबोटीवर चढता-उतरताना भरती-ओहोटीच्या हिशेबाने चाकं खाऱ्या पाण्यातून जातात. आणि पुण्या-मुंबईहून येऊन हौसेने पुळणीवर गाडी घालणाऱ्यांविषयी काय बोलावं! भरतीत रुतलेली गाडी जेसीबीने ओढून काढतानाचे व्हिडिओ सगळे पाहतात. जी गाडी न रुतता परत गेली, तिच्या स्प्रिंगांत आणि दाराखालच्या सिलच्या पोकळीत खारी वाळू किती गेली हे कुणी पाहत नाही. ती गाडी मालकाच्या मते सुखरूप परतलेली असते.

सगळ्यात वाईट अवस्था मासळी वाहणाऱ्या गाड्यांची. रत्नागिरीजवळच्या एका गॅरेजात अशी एक पिकअप खड्ड्यावर उभी असलेली पाहिली. केबिन नुकतीच रंगवलेली, काचेवर रेडियमची नवी कोरी नक्षी, सीटवर लाल रेक्झिन. खड्ड्यात उतरलं की दुसरीच गाडी. हौद्यातलं बर्फाचं पाणी, म्हणजे मासळीच्या मिठाचं आणि रक्ताचं पाणी, मागच्या बाजूला ज्या फटीतून खाली गळत होतं, नेमका त्याच रेषेत चॅसीचा आडवा मेंबर गेला होता. मेकॅनिकने स्क्रूड्रायव्हर उलटा धरून मुठीने चॅसीवर ठोकत पुढून मागे आवाज ऐकवला. पुढे खणखणीत, मधे बरा, आणि हौद्याच्या फटीखाली आला तसा भद्द. तिथे त्याने स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं तर लोखंडाचे पापुद्रे सुटून खड्ड्यात पडले आणि टोक आत गेलं. मालकाचं म्हणणं होतं, पॅच मारून द्या, सीझन काढायचा आहे. मेकॅनिक म्हणाला, ‘टाका धरायला पत्रा तरी पाहिजे ना, दादा.’ मग त्याने दुसरी जागा दाखवली, जी मालकाने पाहिलेलीच नव्हती. ब्रेकचा बारीक पोलादी पाइप चॅसीला ज्या क्लिपांनी धरून ठेवतात, त्यातल्या एका क्लिपखाली मीठ अडकून पाइपाला खड्डे पडले होते. तो फुटला असता तर ब्रेक मारतानाच फुटला असता, कारण दाब तेव्हाच येतो. गाडीच्या फिटनेस सर्टिफिकेटची मुदत अजून संपलेली नव्हती.

आता त्याच किनाऱ्यावरच्या होड्या पाहा. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. बंदी माशांच्या विणीसाठी आणि खवळलेल्या समुद्रासाठी आहे, पण कोळीवाड्यांत त्या दोन महिन्यांचा आणखी एक उपयोग होतो. होड्या ओढून वर घेतात, तळ खरवडतात, फळ्यांच्या सांधी तपासतात, सडलेलं बदलतात, तेल-रंग देतात आणि नारळी पौर्णिमेनंतर जोमाने पाण्यात उतरतात. खाऱ्या पाण्याशी पिढ्यान्‌पिढ्या संसार केलेल्या माणसाला तळ दर वर्षी पाहावा लागतो हे कुणी सांगावं लागत नाही. त्याच माणसाची पिकअप जेटीवर उभी असते आणि तिचा तळ तो कधीच पाहत नाही. आळस किंवा अज्ञान हे त्याचं कारण नाही. होडी वर ओढली की तळ समोर येतो. गाडीचा तळ जमिनीपासून वीतभर उंचीवर, कायम सावलीत असतो. आणि गाडीच्या बाबतीत ‘हे पाहणं तुमचं काम आहे’ असं विकणाऱ्याने, दुरुस्ती करणाऱ्याने, विमावाल्याने किंवा सरकारने, कुणीच त्याला कधी सांगितलेलं नाही. उलट सांगितलं ते हे, की कोटिंग केलंय, बघायला नको.

त्या कोटिंगवर थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण ते सगळंच थोतांड आहे असंही म्हणता येणार नाही.

जुन्या जीप-ट्रकांना जाड पोलादी चॅसी असायची आणि वर बॉडी ठेवलेली असायची. बॉडीचा पत्रा सडला तरी गाडी चालायची. पिकअप आणि ट्रक अजूनही तसेच आहेत. आजच्या बहुतेक मोटारींना वेगळी चॅसी नसते. पातळ पत्र्याच्या पेट्या एकमेकींना स्पॉट वेल्डिंगने जोडून तयार केलेला सांगाडा हीच गाडी. पत्रा जेमतेम मिलिमीटरभर, बऱ्याच ठिकाणी त्याहूनही कमी. तो मजबूत असतो तो पेटीच्या आकारामुळे. म्हणून अशा गाडीत दाराखालची सिल सडली की शोभा जाते आणि सोबत सांगाड्याची ताकदही जाते. वजन कमी करण्यासाठी आता पोलाद अधिक ताकदीचं आणि पत्रा अधिक पातळ होत चालला आहे. अर्धा मिलिमीटर गंजाने खाल्ला तर जुन्या ट्रकला फरक पडत नव्हता, या पत्र्याचा मात्र निकाल लागतो.

हे कंपन्यांना ठाऊक आहे. म्हणून पत्र्यावर जस्ताचा थर असतो, जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं. पोर्शेने १९७०च्या दशकात आणि ऑडीने १९८०च्या दशकात सगळी बॉडीच जस्त चढवलेल्या पत्र्याची केली तेव्हा ती मोठी बातमी होती. शिवाय उघडी बॉडी रंगाच्या हौदात पूर्ण बुडवतात आणि वीज सोडतात. विजेच्या ओढीने रंग अशा कानाकोपऱ्यांत जाऊन बसतो जिथे पिस्तुलाचा फवारा कधीच पोचणार नाही. सांधे सीलंटने बुजवतात, पोकळ्यांत मेण मारतात. कोणत्या गाडीला यातलं किती मिळतं ते तिच्या किमतीवर आणि कंपनीच्या दानतीवर ठरतं. पण गंजाचा मोठा निकाल इथेच लागलेला असतो.

यानंतर शोरूमच्या मागच्या शेडमध्ये जो काळा रबरी थर मारतात, तो दगड-खडीचा मार झेलतो, खालचा आवाज कमी करतो. आपले रस्ते पाहता एवढा उपयोग कमी नाही. पण तो दिसणाऱ्या सपाट भागावर बसतो आणि गंज सुरू होतो दुमडींत, सांध्यांत आणि पेट्यांच्या आत. कामगाराच्या हाताला घाई असेल तर दारांच्या आणि सिलच्या खालच्या कडेला पाणी निथळून जाण्यासाठी ठेवलेली बारीक भोकंही त्या थराखाली बुजतात. मग आत शिरलेलं पाणी आतच राहतं. याहून मोठा घोटाळा जुन्या गाडीवर हा थर मारून घेतल्याने होतो. गंज नीट न खरवडता, चिखल पूर्ण न धुता, ओल न वाळू देता वरून काळं फासलं की गंजाला पांघरूण मिळतं. डांबरी थर काही वर्षांनी कडक होतो, तडकतो, तड्यांतून पाणी आत जातं आणि बाहेर पडत नाही. खालून गाडी काळीभोर, गुळगुळीत दिसते. पत्रा वरच्या थराच्या आधाराने लोंबत असतो. पाहणारा माणूस फसावा याची इतकी चोख व्यवस्था दुसरी नाही, आणि सेकंड हँडच्या बाजारात ती याच कामासाठी वापरली जाते.

मला विचाराल तर न सुकणारं, सरपटत सांध्यात शिरणारं पातळ तेल किंवा मेण जास्त भरवशाचं. कॅनडात हेच चालतं, लोकरीच्या चरबीपासून केलेले थरही याच जातीचे. त्यांचा दोष असा की ते धुऊन जातात आणि एक-दोन वर्षांनी पुन्हा मारावे लागतात. मी याला गुण म्हणतो, कारण त्या निमित्ताने गाडी वर जाते आणि कुणीतरी खाली उभं राहतं.

आपल्याकडचा जुना उपाय म्हणजे जळकं ऑइल. सर्व्हिसिंगला गेलेल्या गाडीला खालून इंजिनाचं काळं ऑइल मारून देणारी गॅरेजं अजून आहेत. स्वस्त आहे, पहिले काही दिवस काम करतं हेही खरं. पण इंजिनात राहून त्या तेलात आम्ल साठलेलं असतं, रबरी बुश त्याने फुगतात आणि पहिल्या मोठ्या पावसात ते धुऊन ओढ्या-विहिरींकडे जातं. शेजाऱ्याच्या पाण्यात विष कालवून आपला पत्रा वाचवायचा, हा हिशेब मला पटत नाही.

आणि एक जादूची डबीही असते. गाडीच्या बॅटरीला जोडायची, ती म्हणे विजेने गंज थांबवते. यामागचं विज्ञान खोटं नाही, जागा खोटी आहे. १८२४ साली हम्फ्री डेव्हीने दाखवून दिलं होतं की जहाजाच्या तळाच्या तांब्याला लोखंडाचे किंवा जस्ताचे तुकडे जोडले तर समुद्रात ते तुकडे झिजतात आणि तांबं वाचतं. त्यात गंमत अशी झाली की तांबं विरघळायचं थांबल्यावर त्याचं विषही पाण्यात उतरेना आणि तळावर शेवाळ-शिंपल्यांचं रान माजलं. पण जहाज अखंड पाण्यात असतं, जमिनीखालची पाइपलाइन अखंड ओल्या मातीत असते, म्हणून तिथे विजेचं वर्तुळ पूर्ण होतं. मोटार हवेत असते. तिच्यावरचा ओलावा थेंबाथेंबाने तुटक असतो, डबीतली वीज सिलच्या कोपऱ्यापर्यंत जाणार कुठून? अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९०च्या दशकात अशाच एका डबीच्या जाहिरातींवर फसवणुकीची कारवाई केली होती. डबी आजही विकली जाते.

तेल-मेण सोडलं तर या सगळ्या उपायांत एक साम्य आहे. प्रत्येक जण सांगतो, हे करा आणि विसरा. आणि गंजाला नेमकं विसरणंच हवं असतं. चाकाच्या कमानीच्या आतल्या दुमडीत जांभ्याचा लाल चिखल बसतो, पोटीस बांधल्यासारखा ओल धरून ठेवतो आणि त्याखाली पत्रा आतून बाहेर सडत येतो. बाहेर रंगावर हरभऱ्याएवढा फुगा दिसतो तेव्हा आत तळहाताएवढं काम झालेलं असतं. या जागी कोणताही थर फार काळ टिकत नाही. तिथे पाण्याचा पाइप आणि बोट लागतं. २०१५ मध्ये अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्याने जुन्या पिकअप ट्रकांच्या ब्रेक पाइपांच्या गंजाची मोठी चौकशी बंद केली. गाड्या परत बोलावण्याचा आदेश निघाला नाही. मालकांना सल्ला मिळाला तो एवढाच, की गाडीचा तळ धूत जा आणि ब्रेकचे पाइप तपासून घेत जा. लोकांना तो निर्णय कंपनीच्या सोयीचा वाटला, मलाही वाटतो. पण सल्ला म्हणून तो चूक नाही.

आपल्या सोसायट्यांत रोज सकाळी बादली-फडकं घेऊन गाड्या पुसणारा माणूस येतो. बॉनेट, काचा, छत लखलखीत. महिन्याचे पैसे त्याला चकाकीचे मिळतात, तळाला तो कशाला हात लावेल?

आता कायद्याकडे येतो. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. पीयूसी ठरलेल्या मुदतीत काढावं लागतं, म्हणजे नळीतून निघणारा धूर तपासला जातो. ती नळी ज्या पत्र्याला टांगलेली आहे तो पत्रा पंधरा वर्षं तपासला जात नाही. विम्याची मुदत चुकली तर कंपनी गाडीचे चारी बाजूंनी फोटो मागते, खालून एकही नाही. व्यापारी वाहनांना आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दर वर्षी फिटनेस आहे, पण फिटनेसची मुदत न संपलेल्या मासळीच्या गाडीचे हाल वर सांगितलेच. २०२३ च्या ऑक्टोबरपासून भारत एनकॅप सुरू झालं, गाड्यांना धडकवून तारे दिले जातात, ही चांगली गोष्ट आहे. पण ते तारे कोऱ्या पत्र्याचे आहेत. सात पावसाळे किनाऱ्यावर काढलेल्या गाडीचे तारे किती, हे सांगणारी यंत्रणा नाही.

आणखी एक विसंगती आहे, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलेलं नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात सदोष गाड्या सक्तीने परत बोलावण्याची तरतूद आली आणि २०२१ च्या एप्रिलपासून नियम लागू झाले. उशिरा का होईना, झालं. पण ही सक्ती सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरती आहे. गंज सात वर्षांच्या आत क्वचितच भोक पाडतो. म्हणजे दोष दिसू लागण्याच्या सुमारास तक्रारीची खिडकी बंद होते. टोयोटाच्या टॅकोमा पिकअपचं प्रकरण आठवून पाहा. १९९५ ते २००० या काळात बनलेल्या गाड्यांच्या चॅसी सडतात हे कंपनीने २००८ मध्ये अमेरिकेत मान्य केलं आणि अतिसडलेल्या गाड्या बाजारभावाच्या दीडपटीने विकत घेतल्या. तेव्हा त्या आठ ते तेरा वर्षांच्या होत्या. पुढे नंतरच्या मॉडेलांवरून दावा झाला आणि २०१६ मध्ये अब्जावधी डॉलरांची तडजोड झाली, सुमारे पंधरा लाख गाड्यांसाठी. तिथे चॅसी बदलून देण्याचा निकष काय ठरला? दहा मिलिमीटर किंवा त्याहून मोठं भोक. कुणीतरी खाली गेलं, भोक मोजलं, म्हणून कंपनीला पैसे मोजावे लागले. आपल्या नियमांत बसवलं असतं तर १९९५ ते २००० च्या त्या गाड्यांतली एकही वयात बसली नसती.

ब्रिटनमध्ये मोटार तीन वर्षांची झाली की दर वर्षी तपासणीला जाते. तिथे गंजाचा नियम एका ओळीचा आहे: सस्पेन्शन, स्टीअरिंग, ब्रेक, सीटबेल्ट यांच्या जोडाच्या जागेपासून तीस सेंटिमीटरच्या आत पत्रा गंजून कमकुवत झाला असेल तर गाडी नापास. तीस सेंटिमीटर म्हणजे शाळेतली फूटपट्टी. बाहेरच्या दारावर कितीही गंज असो, तो मालकाचा प्रश्न. सांगाड्याचा गंज मात्र रस्त्यावरच्या सगळ्यांचा प्रश्न. हा भेद मला फार शहाणपणाचा वाटतो.

आपण भेद केला तो वयाचा. दिल्लीत डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा घातली गेली, मुंबईच्या टॅक्सीला वीस. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि बरोबर वीस वर्षांनी, २०२३ मध्ये, पद्मिनीचा मुक्काम संपला. त्या टॅक्सीत पायाखालच्या मॅटच्या खाली रस्ता दिसण्याचे दिवस ज्यांनी पाहिले त्यांना त्यात वावगं वाटणार नाही. धुरासाठी वयाची अट लावण्यात काही अर्थ असेलही. गंजासाठी नाही. सोलापूरच्या कोरड्या हवेत पोर्चमध्ये ठेवलेली पंधरा वर्षांची गाडी खालून धडधाकट असू शकते आणि श्रीवर्धनला उघड्यावर, खाऱ्या वाऱ्यात सहा वर्षं उभी असलेली गाडी मोडीत काढण्याच्या लायकीची. वयाचा नियम पहिलीला शिक्षा करतो आणि दुसरीला पास करतो.

यावर लगेच येणारं उत्तर मला ठाऊक आहे: आणखी एक तपासणी म्हणजे आणखी एक एजंट, आणखी एक चिरीमिरी. पीयूसीचं काय झालं ते आपण पाहतो. नळीत नळी न घालता कागद हातात पडतो. हा आक्षेप खरा आहे, म्हणूनच मी आणखी एक सर्टिफिकेट मागत नाही. सर्टिफिकेटमध्ये ‘ठीक आहे’ एवढं लिहिलेलं असतं आणि त्यावर विश्वास ठेवावा लागतो. फोटोवर विश्वास ठेवायची गरज कमी, तो ज्याने त्याने पाहावा. गाडी सर्व्हिसिंगला जाते तेव्हा ती लिफ्टवर चढतेच, खाली माणूस उभा असतोच, त्याच्या खिशात मोबाइल असतोच. तारखेसह चार-पाच फोटो काढून बिलाबरोबर पाठवायला गॅरेजला दोन मिनिटं लागतात. आणि मालकी बदलताना हे फोटो विक्रीच्या कागदांना जोडण्याची सक्ती परिवहन खात्याने करावी. नवं कार्यालय नको, नवा शिक्का नको.

मालकी बदलताना हा आग्रह का, तेही सांगतो. शोरूममधून गाडी घेणारा पाच-सहा वर्षांत ती विकतो. त्याच्या काळात गंज सुरू होतो, दिसत नाही. दुसरा मालक फुगे पाहतो, लांबी भरून रंग मारून घेतो आणि विकतो. भोक पडतं ते तिसऱ्या मालकाच्या काळात. तो बहुधा तालुक्याच्या गावातला असतो, पहिल्यांदाच चारचाकी घेणारा, त्या गाडीवर शाळेची पोरं किंवा बाजारची भाजी वाहून हप्ते फेडणारा. २००५ च्या २६ जुलैला मुंबईत किंवा २०२१ च्या जुलैत चिपळुणात पुरात बुडालेल्या किती गाड्या अशा शिडीने खाली उतरल्या असतील, कोण जाणे. कोटिंगची पावती पहिल्या मालकाकडे असते. सगळा तोटा तिसऱ्याचा. ज्याला निवड करता येते त्याला गंज भेटत नाही आणि ज्याला भेटतो त्याला पाहण्याची संधी कुणी दिलेली नसते. सेकंड हँड गाडी घेताना जाणकार नंबरप्लेट पाहून एमएच-०८ आहे का एमएच-१२ हे विचारतात. बिचाऱ्या रत्नागिरीवर हा अन्यायच आहे, कारण नोंदणी पुण्याची असून गाडी दर शनिवारी पुळणीवर गेलेली असू शकते.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. खंडेनवमीला आपण हत्यारं-अवजारं पुसून, तेल देऊन पुजतो, आणि दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतो. तेव्हा पावसाळा नुकताच सरलेला असतो, तळ पाहायला याहून चांगला मुहूर्त नाही. हार घालायच्या आधी गाडी वॉशिंग रॅम्पवर न्या आणि साध्या पाण्याने तळ धुऊन घ्या. चाकांच्या कमानींत पाइप आत घालून चिखल पाडायला सांगा, दारांखालची भोकं काडीने मोकळी करा आणि पूर्ण वाळू द्या. मग सर्व्हिसिंगला गाडी लिफ्टवर असताना काचेमागच्या सोफ्यावर बसून चहा पिऊ नका, खाली जाऊन उभे राहा. दोन्ही सिल, जॅक लावायच्या जागा, मागच्या चाकांच्या कमानी, ब्रेकचे पाइप आणि स्टेपनीचा खळगा यांचे फोटो काढून मागा आणि जपून ठेवा. विकताना ते पुढच्या माणसाला द्या, विकत घेताना हक्काने मागा. आणि जे गॅरेज तुम्हाला गाडीखाली उभं राहू देत नाही, तिथे पुढच्या वेळी गाडी देऊ नका.